रकाना

जॉर्जटाउनच्या दप्तरखान्यात, पंखा बंद पडलेल्या खोलीत,
कारकुनानं एक कागद माझ्यापुढे सरकवला.
नाव झिंगुर. वय बावीस. उंची पाच फूट तीन.
अंगावरची खूण: डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग.
गाव, परगणा, जिल्हा, सगळं घाईत गिरबटलेलं,
फक्त जातीच्या रकान्यात वळणदार, ठसठशीत:
कोरी.

विणकर. ब्राह्मणानं ज्याची सावली चुकवावी असा.
रकाना भरलेला होता
आणि मला दिसत होता कोराच.

कारण पाच पिढ्या आम्ही तिवारी.
चौसष्ट नंबरच्या गावातले तिवारी,
आमच्या किनाऱ्यावर गावांना नावांपेक्षा नंबर जास्त,
बारशापासून तेराव्यापर्यंत ज्यांना बोलावणं येतं ते.

कुठे घडलं असेल हे?
कलकत्त्याच्या धक्क्यापासून बर्बिसच्या चिखलापर्यंत
तीन महिने नुसतं पाणी.
सोवळं म्हणे दुसऱ्याच दिवशी ओकून पडलं.
एका कढईतली खिचडी, एकाच पिंपातलं पाणी,
आणि शेजारच्या फळीवर एक खोकणारा म्हातारा
रात्र रात्र चौपाया म्हणायचा.
केपच्या अलीकडे त्याला गोणपाटात शिवून समुद्रात सोडला.
चौपाया झिंगुरच्या कानात राहिल्या.

मग मळ्यावर पहिला कुणी तापानं गेला
आणि प्रेताभोवती सगळे एकमेकांकडे पाहू लागले,
कुणाला काही येतंय का.
झिंगुरला येत होतं.

एवढंच असेल. किंवा याहून लबाड काही.
मी त्याला संत करणार नाही:
दक्षिणेला तांदूळ मिळायचे, आणि त्याला भूक होती.

आंब्याची लाकडं नव्हती, त्यानं कुरिडाची जाळली.
दर्भ नव्हता, खाजणातलं पातं चाललं.
गंगा नव्हती; हा तपकिरी अटलांटिक, गुडघाभर गाळाचा,
त्यालाच हात जोडून म्हणाला, माई.
पुढे मिशनच्या शाळेत मास्तरकी मिळावी म्हणून
माझे आजोबा चार वर्षं जोसेफ होते,
दुपारी तीनपर्यंत.
घरी आले की पिंपावर तोंड धुऊन पुन्हा जगेसर.

बिसेसर काका एक्क्याऐंशीचा. मी वेदीवर बसणार
हे कळल्यापासून माझ्याशी धड बोलत नव्हता.
"बाईमाणसानं आहुती द्यायची नाही. आपण तिवारी आहोत, फूलो."
मी कागद काढून त्याच्या टेबलावर ठेवला.
त्यानं भिंग शोधलं.
एका शब्दाला किती वेळ लागावा?
शेजाऱ्यांची बदकं नाल्यात उतरली आणि वर आली.
"डाग," तो शेवटी म्हणाला, "बाप सांगायचा,
पहिल्या होमात भाजला होता. इथे. या गावात."
बोटीत चढायच्या आधीचाच आहे, काका.
त्यानं कागदाची चौघडी केली
आणि पोथीच्या फडक्यात गुंडाळून ठेवली.
जाळला नाही.

रविवारी धनमतीच्या अंगणात मी बसले.
बांबू उभा, लाल झेंडी फडफडत,
प्लास्टिकच्या खुर्च्यांवर निम्मं गाव,
निम्मं कुंपणापलीकडून बघत.
समुद्रावरचा वारा. काडी विझली. दुसरी विझली. तिसरी.
मागे खुर्ची सरकल्याचा आवाज.
काका आला, गुडघे धरत खाली टेकला
आणि वाऱ्याकडे पाठ केली.
आग धरली.
चौथ्या आहुतीला त्यानं मला टोकलं:
"स्वाहा. आखडतेस कशाला, लांब म्हण."

संध्याकाळी विचारलं, नातवाच्या सोयरिकीत
हा कागद दाखवशील?
"वारा फार आहे आज," तो म्हणाला,
आणि झेंडीचा बांबू हलवून पाहिला,
पक्का रोवलाय का.